अर्धी पायली कुठं गेली?

टेबलाखालून आलेल्या आवाजाच्या मी प्रेमात पडले, असं मी सहसा कुणाला सांगत नाही. लोक हसतात. पण झालं ते तसंच.

२००५ सालचा जानेवारी. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर कुंडलिक सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. कॉम्प्युटर सहा, त्यातले चालणारे चार. जिन्यात कायम खताचा वास. मी धसईहून सकाळच्या गाडीनं यायचे आणि प्रोग्रामिंगच्या डिप्लोमाला बसायचे… दुसऱ्यांदा. पहिल्यांदा सपशेल आपटले होते. पुस्तक इंग्रजीत, सर मशीनपेक्षा फीच्या पावत्यांत रमणारे, आणि आम्ही अकरा जण प्रोग्राम पाढ्यांसारखे पाठ करायचो. परीक्षेत आकडा बदलून आला की संपलं सगळं.

त्या दिवशी वर कुणीच नव्हतं, असं मला वाटलं. पायथन नावाची नवी भाषा तेव्हा नुकतीच आमच्या मशीनवर आली होती. मी म्हटलं, बघू तरी हिला आमच्या घरचं गणित येतं का. बाबा आणि काका, दोघांत सात पायल्या तांदूळ वाटायचे. सात भागिले दोन. मी बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं, तीन.

"तीन?" मी चिडून मोठ्यानं म्हटलं. "आणि प्रत्येकाची अर्धी पायली कुठं गेली?"

"खाल्ली," टेबलाखालून आवाज आला.

मी खुर्चीसकट मागं सरकले. खालून एक डोकं वर आलं. केसांत कोळ्याचं जाळं, दातांत स्क्रू ड्रायव्हर, आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगते.

"कोणी खाल्ली?"

"त्यानंच." त्यानं मशीनच्या डब्यावर टिचकी मारली. "पूर्ण आकडे दिले की तो पूर्णच आकडा देतो. अर्धं गिळून टाकतो."

"हे पुस्तकात का नाय लिहिलं मग?"

"लिहिलंय. पान एकशे बारा. तळटीप."

"तळटिपा कोण वाचतं?"

"मी," तो म्हणाला आणि पुन्हा टेबलाखाली गेला.

हा साईनाथ. राहणार वाशिंदचा. तिथल्याच एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि शनिवार-रविवार शहापूरमार्गे मुरबाडला येऊन कुंडलिक सरांची आजारी मशीनं बरी करायचा. वय पंचवीस. मुलखाचा अबोल. चार वाक्यं सलग बोलला तर घसा खवखवेल अशी त्याला भीती असावी. पण डोळे मात्र सारखे हसत असायचे, तोंडाला पत्ता न लागू देता.

पुढच्या शनिवारी त्यानं माझ्यासमोर एक फ्लॉपी ठेवली.

"काय हे?"

"अर्धी पायली."

फ्लॉपीत एकच फाइल होती. वर साध्या मराठीत दोन ओळी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती. खाली तीन बाण आणि बाणांपुढे सात भागिले दोन. त्याखाली उत्तर. मग पुन्हा मराठी, पुन्हा बाण. मला वाटलं, वाचायचं टिपण आहे. तर त्यानं एक बटण दाबलं आणि ती फाइल चालली!

"हा धडा आहे," तो म्हणाला. "वाचायचा पण आणि चालवायचा पण. मराठी ओळी माणसासाठी, बाणाच्या ओळी मशीनसाठी. मी एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. तो मराठी सोडतो, बाणाची ओळ चालवतो आणि खाली लिहिलेलं उत्तर जुळतंय का ते बघतो. नाय जुळलं तर तिथंच थांबतो."

"म्हणजे धडा खोटं बोलला तर पकडला जातो?"

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "हां. असं मला सांगता आलं नसतं."

कल्पना मला फार आवडली. पण त्याचं मराठी! 'पूर्णांकांचा भागाकार पूर्णांक देतो. अपूर्णांक हवा असल्यास एक संख्या अपूर्णांक द्यावी.' मी वाचून मान वर केली.

"हे तलाठ्यानं लिहून दिलंय का?"

"मग तू लिही."

तू! आठवड्यापूर्वी टेबलाखालून भेटलेला माणूस मला तू म्हणत होता, आणि मला राग यायच्या ऐवजी कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी मुकाट्यानं कीबोर्ड ओढला आणि लिहिलं:

समजा, घरात सात पायल्या तांदूळ आहेत आणि वाटेकरी भाऊ दोन. भांडण नको म्हणून कॉम्प्युटरला विचारू या.

>>> 7 / 2

त्याखाली उत्तर लिहायचं होतं. लिहिलं. आणि मोठ्या तोऱ्यात फ्लॉपी परत दिली.

दुसऱ्या दिवशी रविवारी कुंडलिक सरांनी सगळ्या अकरा जणांना एका मशीनभोवती गोळा केलं. "आपल्या नम्रतानं मराठी धडा लिहिलाय," सर म्हणाले आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. धडा पहिल्याच बाणावर थांबला. पडद्यावर आलं, उत्तर जुळत नाही. माझ्या मागून कुणीतरी खुदकन हसलं.

मी तिथं ३.५ लिहिलं होतं. खरं सांगायचं तर लिहिताना दोनदा विचारसुद्धा केला नव्हता. तांदळाचं वाटप ज्या घरात पायलीनं होतं, त्या घरातल्या कुणाचाही हात तिथं 'तीन' लिहिणार नाही. जीव गेला तरी नाही.

सगळे पांगल्यावर मी त्याच्यावरच उखडले. "मी बरोबर तेच लिहिलं होतं!"

"हो."

"हो काय? मग चुकलं कोण?"

"बरोबर काय ते नंतर ठरवू गो," तो शांतपणे म्हणाला. "आधी चालवायचं. तो काय म्हणतो ते बघायचं. मग ते लिहायचं. त्याचं उत्तर आपल्या हातानं नाय टाइप करायचं. एवढंच."

मग आम्ही दोघांनी तो धडा नीट केला. सातखाली तीनच ठेवलं आणि त्याखाली मी लिहिलं, 'बघा, लागलं ना भांडण! आता सातला टिंब-शून्य लावा आणि पुन्हा विचारा.' यावेळी साडेतीन आले, आणि ते मशीननं स्वतःहून दिले. धडा शेवटपर्यंत न थांबता चालला तेव्हा साईनाथ पहिल्यांदा तोंडानं हसला. उजव्या गालावर खळी पडते त्याच्या. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच फटक्यात नीट लिहिलं असतं.

मग शनिवार-रविवार हे माझे सण झाले. तो बाण लिहायचा, मी मराठी. तो म्हणायचा, "इथं फार बोलतेस." मी म्हणायचे, "इथं तुम्ही फारच कमी बोलता." लाइट गेले की आम्ही वही काढून लिहायचो, आणि त्या वर्षी लाइट फार जायचे, देवाची कृपा.

चौथा धडा मोजणीचा होता. मी लिहिलं, पानाच्या द्रोणात चोवीस करवंदं आहेत, एकेक काढून मोजा.

"धड्यात करवंदं कशाला?" त्यानं विचारलं.

"भूक लागली होती."

पुढल्या शनिवारी, मे महिन्याच्या त्या भाजणाऱ्या दुपारी, त्यानं पिशवीतून पळसाच्या पानाचा एक द्रोण काढला आणि अलगद माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. काळीभोर करवंदं, वर चीक सुकलेला.

"उंबरमाळीला गेलो होतो, एक म्हातारी विकत बसली होती," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "मोज."

मी मोजली. चोवीस.

"धडा खोटा पडायला नको," तो म्हणाला.

मी एक उचलून तोंडात टाकलं. "आता तेवीस."

"मग धडा बदल."

"सगळी संपली की बदलते…" मी म्हटलं आणि द्रोण त्याच्यापुढे सरकवला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, चिकानं क्षणभर चिकटलीसुद्धा. दोघांपैकी कुणीच घाईनं सोडवली नाहीत.

पावसाळ्यात पत्र्यावर असा ताशा वाजायचा की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू यायचं नाही. मला त्या पावसाबद्दल तक्रार नाही. सातवा, आठवा आणि नववा धडा आम्ही असेच कानात लिहिले.

आणि खरी गंमत पुढेच झाली. आमच्यात रंगू नावाची एक मुलगी होती, डोंगराखालच्या पाड्यावरची. घरची बोली वेगळी, त्यामुळे वर्गात तोंडच उघडायची नाही. मशीनला हात लावायलाही भ्यायची. एका रविवारी तिनं पहिला धडा उघडला, हळूच टिंब-शून्यवाल्या ओळीतला सात खोडून नऊ केलं आणि तेवढीच ओळ चालवली. साडेचार आले. तिनं दहा केलं. पाच आले. "मी केला!" ती ओरडली. "पुस्तकात नाय हे, मी केला!" साईनाथ कोपऱ्यात वायर सोलत होता. त्याचे हात थांबले. तो कितीतरी वेळ नुसता रंगूकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. परीक्षकांनी माझा आकडा बदलला आणि मी घाबरले नाही. नोव्हेंबरात निकाल लागला, अकरापैकी नऊ पास. रंगू पास, मी पास. कुंडलिक सरांनी मला क्लासमध्येच शिकवायला ठेवून घेतलं.

आणि मग सुरू झालं ते उपकारपुराण. "साईनाथाचे उपकार विसरू नको," सर म्हणाले. "त्या पोराचे उपकार गो, नायतर तू परत नापास होतीस," आमची आई म्हणाली. आमच्या गाडीचा कंडक्टरसुद्धा म्हणाला. मी कबूल करते, उपकार होतेच. देवापुढे दिवा लावताना मी रोज त्याचं नाव घ्यायचे. पण दिवसभर जे मनात घोळायचं ते दिव्यापुढचं नव्हतं… ते द्रोणातलं होतं.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी स्टँडवर, शहापूरच्या गाडीची वाट बघत असताना, मी बोलून टाकलं. शेतं कापून झाली होती, हवेत पेंढ्याचा वास होता. तो म्हणाला की त्याला पुण्यात नोकरी लागलीय, जानेवारीपासून.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "म्हणजे… धड्यांपुरतं नाय. सगळेच."

तो पायाशी बघत म्हणाला, "नम्रता, तू आत्ता पास झालीस. काम लागलं. मन भरून आलंय तुझं. हे उपकाराचं आहे. महिन्या-दोन महिन्यांत उतरेल. मला त्याचा फायदा नाय घ्यायचा."

"तुम्ही मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मला कळतंय."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "पहिल्या धड्यात मी साडेतीन लिहिलं तेव्हा काय म्हणाला होतात मला? आधी चालवून बघ. मग लिही. आणि आता? माझ्या मनातलं उत्तर तुम्हीच तुमच्या हातानं टाइप करून मोकळे! बघितलंत चालवून? एकदा तरी?"

बाजूच्या बाकावरची बाई भाजीची पाटी विसरून आमच्याकडे बघायला लागली. गाडी आली. तो चढला. खिडकीतून मात्र गाडी वळेपर्यंत माझ्याकडेच बघत होता.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्याही नाही. मी वर्गात धडे शिकवायचे, प्रत्येक बाणाच्या ओळीत तो बसलेला दिसायचा. जानेवारी जवळ येत होता. तो पुण्याला गेला की मग हे असंच राहणार होतं, माझ्या बाजूनं प्रेम, त्याच्या हिशेबी उपकार.

त्याच आठवड्यात गिरणीतून नवा तांदूळ घरी आला. आमच्या घरची एक रीत आहे, वर्षभरात ज्यानं आपलं कुणाचं काम मार्गी लावलं असेल त्याच्या घरी नव्या तांदळाची पहिली गोणी पोचवायची. गेल्या साली बाबांचा पाय बसवणाऱ्या वैदूकडे गेली होती. आई गोणीचं तोंड शिवत होती. मी एकदम म्हटलं, "आई, ही वाशिंदला न्यायची."

आईनं दाभण थांबवला. माझ्या तोंडाकडे बघितलं. आयांना काय दिसतं कोण जाणे. "चल," ती म्हणाली. "मी पण येते."

रविवारी आम्ही दोघी निघालो, मुरबाड, शहापूर, मग वाशिंद. साईनाथचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, नव्या बैठ्या चाळीत. दार त्याच्या आईनं उघडलं. सकुबाई, ठेंगणी, डोळे अगदी त्याच्यासारखे हसरे. मागे साईनाथ. मला बघून तो उंबऱ्याशी जो खिळला तो हलेचना, शेवटी त्याच्या आईनंच त्याला बाजूला केलं.

आमच्या आईनं गोणी आत नेऊन ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाली, "आमच्या पोरीला तुमच्या पोरानं मार्गी लावलं. तुमी गोड मानून घ्या."

"अवो, एवढं कशाला," सकुबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आईचेही आले. माझेही. त्या क्षणी मी साईनाथची मनापासून ऋणी होते आणि ते मला लपवायचंही नव्हतं. मी वाकून त्याच्या आईला नमस्कार केला. मग सरळ उभी राहिले.

"आई, झालं ना उपकाराचं?"

"झालं की गो. नेम पुरा झाला."

"मग आता मी बोलते ते वेगळं आहे." मी साईनाथकडे वळले. "उपकारासाठी माणूस तांदूळ आणतं. तो आणला. तो तिथं आहे, कोपऱ्यात. आणि मी इथं उभी आहे. अजून उतरलेलं नाय माझं. तू पुण्याला जा, नायतर कुठंही जा, पण माझं मन काय आहे ते मला सांगू नकोस."

तू म्हटलं मी! दोन्ही आयांसमोर. आमच्या आईनं पदर तोंडाला लावला. सकुबाई एकदा माझ्याकडे, एकदा मुलाकडे बघून म्हणाली, "चला ताई, आपण तांदूळ धुवू या. आजच शिजवू." आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली.

आम्ही दोघंच उरलो. साईनाथचे कान लालबुंद झाले होते.

"मी तीन शनिवार आलो नाय," तो म्हणाला.

"मोजलेत मी."

"बघत होतो… उतरतं का."

"माझं?"

"माझं." त्यानं घसा साफ केला. मग त्यानं आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं केलं, मधे मधे थांबत, भिंतीकडे बघत. "कारखान्यात आठ तास माझ्याशी कोण बोलत नाय. मी लिहिलेलं मशीन वाचतं, माणूस नाय वाचत. मला सांगताच येत नाय ना काय. तू मराठी लिहायला लागलीस आणि… ती रंगू ओरडली ना, मी केला म्हणून? त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी आहोत. ते तुझ्यामुळं. एवढे उपकार कोणी केले नव्हते माझ्यावर. म्हणून मला माझंच खरं वाटेना. वाटलं, माझंही उपकाराचंच असेल. जाईल. म्हणून तुलाही तसं बोललो."

"मग? गेलं?"

"नाय." त्यानं आता माझ्याकडे बघितलं. "तिसऱ्या शनिवारी मुरबाडच्या गाडीत बसलो होतो. शहापूरला उतरून परत आलो. तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी इतक्या लांब गोणी घेऊन आले होते ती उपकार एका बाजूला आणि प्रेम एका बाजूला करायला. आणि हा माणूस दोन्ही एकत्र घेऊन बसला होता, तीन आठवडे, एकटाच.

"पण मी तांदूळ आणला नाय तुझ्यासाठी," तो म्हणाला. "माझं फिटायचं राहिलंय."

"मग राहू दे," मी म्हटलं. "फेडू नको. कधीच."

त्यानं हात पुढे केला. मी दिला. यावेळी बोटं चिकटवायला चीक लागला नाही. तो पुण्याला गेलाच, आणि दीड वर्षानं मीही गेले. धडे तेव्हा तीसच्या वर झाले होते, आणि मुरबाडच्या क्लासमध्ये ते रंगू शिकवत होती. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही फक्त उभे होतो, हातात हात, आणि आतून नव्या तांदळाचा वास येत होता. मी देवाचे आभार मानले, सरांचे मानले, नापास झाल्याचेसुद्धा मानले.

आतून सकुबाईनं हाक मारली. "पोरांनो, पाणी जास्त पडलं गो! नवा तांदूळ ना, भात गिजका झालाय. चालंल ना?"

"चालंल!" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, आणि आत दोन्ही आया हसायला लागल्या.